शिशाच्या जागी तांब्याची गोळी: तेच वजन, तीच दारू का चालत नाही

मूळचे तासगावचे आणि सध्या कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ द्राक्षबागांच्या कामावर असलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे .३०८ विंचेस्टर कॅलिबरची बोल्ट रायफल आहे आणि नळीच्या आतल्या खाचांचा पीळ १२ इंचांत एक फेरा असा आहे. १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या आणि दारूच्या वजनाचं एकक) शिशाची गोळी घालून काडतुसं ते घरीच भरत आणि १०० यार्डांवर एका इंचात तीन गोळ्या बसत. शिकारीला शिसं चालत नाही, म्हणून त्यांनी १६८ ग्रेनचीच अख्ख्या तांब्याची गोळी आणली आणि दारूचं माप तेच ठेवलं. आता बोल्ट जड उचलला जातो, गोळ्या चार-पाच इंचांत पसरतात आणि कागदावर दोन भोकं लांबट पडली. गोळी खराब, रायफल खराब की हात खराब, असं ते विचारतात.

यातलं काहीच खराब नाही. "वजन तेच, म्हणजे गोळी तीच" हे गृहीतक मात्र चुकलं आहे आणि तुमच्या तिन्ही तक्रारी त्यातूनच आल्या आहेत. सगळ्यात आधी, त्या मापाने भरलेली उरलेली काडतुसं झाडणं आजच थांबवा. बोल्ट जड होणं ही दाब वाढल्याची उशिरा मिळणारी सूचना असते.

मुळाशी घनता आहे. शिशाची घनता ११.३४ आणि तांब्याची ८.९६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. व्यास .३०८ इंचावर बांधलेला असल्यामुळे वजन तेवढंच ठेवायचं तर तांब्याची गोळी लांबच करावी लागते. शिशाच्या गोळीवर तांब्याचं वेष्टन असतंच, त्यामुळे फरक घनतेच्या पूर्ण प्रमाणात येत नाही, पण १५-२० टक्क्यांपर्यंत सहज जातो. शिशाची १६८ ग्रेनची मॅच (नेमबाजी स्पर्धेची) गोळी साधारण १.२ इंच भरते, त्याच वजनाची प्लास्टिकच्या टोकाची तांब्याची गोळी १.४ इंचांच्या आसपास. व्हर्नियर कॅलिपरने तुमच्या दोन्ही गोळ्या मोजून बघा.

आता ही लांबी पिळाशी कशी भांडते ते पाहू. गोळी हवेत स्थिर राहते ती फिरण्यामुळे, आणि जितकी लांब तितकं जास्त फिरणं तिला लागतं. हे मोजायला मिलरचं सूत्र वापरतात. ग्रेनमधल्या वजनाला ३० ने गुणायचं. मग पिळाला कॅलिबरने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग, व्यासाचा घन, कॅलिबरच्या पटीत गोळीची लांबी, आणि त्या लांबीच्या वर्गात एक मिळवून येणारा आकडा, या चौघांचा गुणाकार करून त्याने भागायचं. सूत्र २,८०० फूट प्रति सेकंद वेग धरून बांधलं आहे. उत्तर १.५ च्या वर आलं तर निश्चिंत, १.३ ते १.५ म्हणजे काठावर, आणि १ च्या जवळ म्हणजे गोळी डगमगणार.

तुमच्या नळीला हे लावा. शिशाची १६८ ग्रेन, १.२ इंच: उत्तर १.८०. म्हणून ती इतकी छान बसत होती. तांब्याची १६८ ग्रेन, १.४ इंच: उत्तर १.१५. तीच गोळी १० इंच पिळाच्या नळीत १.६६ देते, म्हणजे गोळीत दोष नाही, ती तुमच्या नळीची नाही एवढंच. प्लास्टिकचं टोक लांबी वाढवतं पण वजन जवळजवळ वाढवत नाही, म्हणून अशा गोळीची खरी स्थिरता सूत्राच्या उत्तराहून थोडी बरी असते. तरी १.१५ वर विसंबायचं नाही. थंड, दाट हवेत हा आकडा आणखी खाली येतो आणि डिसेंबरातल्या पहाटे फ्रेस्नोच्या खोऱ्यात हवा तशीच असते. कागदावरची लांबट भोकं म्हणजे गोळी आडवी होत लागल्याची खूण आहे. अशी गोळी जनावरावर झाडू नये.

उपाय म्हणजे वजन उतरवा. तांब्याची १५० ग्रेन, लांबी १.२५ इंच धरली तर १२ च्या पिळात १.४३ येतं. १३० ग्रेन, १.१५ इंच धरली तर १.५८. तुमच्या रायफलीसाठी मी १३० ग्रेनपासून सुरुवात करेन, १५० ही दुसरी पसंती. शिशाची सवय असलेल्यांना हरणाला १३० ग्रेन म्हणजे पोरखेळ वाटतो. शिशाच्या बाबतीत ते बरोबरही होतं, कारण शिशाची हलकी गोळी हाडावर फुटून अर्धीमुर्धी उरते आणि खोल जायला वजन शिल्लक राहत नाही. तांब्याची गोळी ९५ टक्क्यांच्या वर वजन राखते. १६८ ग्रेनच्या शिशातले ११०-१२० ग्रेनच आतपर्यंत पोचत असतील, तर १३० ग्रेनचं तांबं मुळात कमी नाहीच. शिवाय हलकी गोळी वेगात निघते, आणि तांब्याला वेग फार लागतो. त्याकडे पुढे येतोच.

दुसरी तक्रार दाबाची. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकन मानकातला कमाल सरासरी दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. तुमची १६८ ग्रेनची जुनी भरणी कदाचित त्याच्या खाली आरामात असेल. तांब्याने तो दोन बाजूंनी वाढवला. पहिलं कारण जागेचं: काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनमुळे २.८१० इंचांच्या आसपासच राहते, मग गोळीची जास्तीची लांबी पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्यात, खाली उतरते. ०.२ इंच जास्तीची लांबी पूर्ण आत गेली तर पावणेचार ग्रेन पाण्याइतकी जागा खाते, आणि .३०८ च्या पुंगळीत एकूण जागाच ५६ ग्रेन पाण्याच्या आसपास असते. प्रत्यक्षात थोडी लांबी टोकाकडेही असते, म्हणून घट एवढी पूर्ण नसते, पण दाब चढायला पुरते. दुसरं कारण कठीणपणाचं. शिशाच्या गाभ्याची गोळी नळीच्या रायफलिंगमध्ये, म्हणजे आतल्या पीळदार खाचांमध्ये, शिरताना आतून दबते. अख्खं तांबं दबत नाही. त्याला रायफलिंगचे कंगोरे कोरावे लागतात आणि त्या क्षणी दाबाची रेघ उंच चढते.

दुसऱ्या कारणावर उत्पादकांनी दोन उपाय काढले आहेत. बार्न्सची १९८९ ची पहिली एक्स गोळी गुळगुळीत अंगाची होती. ती नळीत तांबं फार सोडायची आणि दाबाचाही त्रास द्यायची. २००३ मध्ये आलेल्या ट्रिपल शॉक गोळीच्या अंगावर आडव्या खाचा आल्या. कोरलेलं तांबं सरकायला त्या खाचांमध्ये जागा मिळते, घासणारा पृष्ठभाग कमी होतो, आणि दाब व मळ दोन्ही उतरतात. हॉर्नाडीच्या सीएक्स किंवा नॉस्लरच्या ई-टिप गोळ्या शुद्ध तांब्याऐवजी गिल्डिंग मेटलच्या आहेत, म्हणजे तांब्यात थोडं जस्त. हे धातूही वेगळे आणि खाचांची रचनाही वेगळी. म्हणून एका कंपनीच्या १३० ग्रेनच्या गोळीचं माप दुसऱ्या कंपनीच्या १३० ग्रेनला लावायचं नाही. शिशाच्या १३० ग्रेनचं तर अजिबातच नाही. ज्या कंपनीची गोळी, त्याच कंपनीच्या मार्गदर्शिकेत त्याच गोळीच्या नावापुढे छापलेली दारू आणि माप, एवढंच ग्राह्य धरा. दारूच्या मापाचा एकही आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. तो तुमच्या गोळीच्या पानावरून घ्यायचा.

भरण्याचं काम कसं करायचं ते आता क्रमाने सांगतो.

आधी नळी धुवा, आणि हे टाळू नका. शिशाच्या गोळ्यांच्या वेष्टनाचा थर नळीत असतो, त्यावर दुसऱ्या मिश्रणाचं तांबं चढलं की गोळ्या का पसरतात ते कळेनासं होतं. अमोनियायुक्त, तांबं विरघळवणारा द्रव लावा आणि कापडावर निळा रंग येणं थांबेपर्यंत साफ करा. ब्रश नायलॉनचा घ्या आणि कापड धरणारा जॅग पितळेचा नसावा, कारण पितळ-ब्राँझही त्याच द्रवात निळं होतं. मग नळी स्वच्छ असूनही तुम्ही तासभर घासत बसाल. बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त वेळ तो द्रव नळीत ठेवू नका, शेवटी नळी कोरडी करून तेलाचा हात फिरवा.

मग पुंगळीचं तोंड. शिशाची गोळी बोथट तोंडातूनही गपकन बसते, तांब्याची बसत नाही, पुंगळीच्या कडेने तिचं अंग खरवडलं जातं. पुंगळ्या एका लांबीला कापून तोंडाची आतली कड तिरपी करून घ्या, जास्त उतार देणारं चॅम्फर (कड तिरपी करण्याचं) हत्यार असेल तर उत्तम. बसवलेल्या गोळीभोवती तांब्याची बारीक कडी दिसली तर कड नीट झालेली नाही असं समजा. बसवण्याच्या डायमधला दांडा गोळीच्या खांद्यावर, म्हणजे वक्र भागावर टेकला पाहिजे, प्लास्टिकच्या टोकावर नाही. टोकावर टेकला की टोक चेपतं, प्रत्येक काडतुसाची लांबी वेगळी येते आणि दोष मात्र दारूच्या काट्याला जातो. लांब टोकाच्या गोळीसाठी वेगळा दांडा मिळतो, तो मागवा.

तिसरी गोष्ट उडीची. उडी म्हणजे गोळीच्या खांद्यापासून रायफलिंग सुरू होतं तिथपर्यंतचं अंतर. शिशाच्या मॅच गोळीला लोक रायफलिंगच्या अगदी जवळ, कधी टेकवूनही बसवतात आणि त्यातून अचूकता मिळवतात. तांब्याच्या बाबतीत ही सवय सोडा. टेकवून बसवलेल्या तांब्याचा दाब एकदम उसळतो, कारण कोरायच्या आधी गोळीला वेगच मिळालेला नसतो. बार्न्सची शिफारस किमान ०.०५० इंच उडीपासून सुरुवात करायची आहे. चेंबरमध्ये घालून अंतर मोजायला मुद्दाम बदललेल्या पुंगळीच्या गेजने (मापकाने) आपल्या रायफलीचं अंतर काढा, काडतूस बुडापासून गोळीच्या खांद्यापर्यंत कम्पॅरेटरने (कॅलिपरला लावायच्या जोडाने) मोजा (टोकापर्यंतची लांबी फक्त मॅगझिनसाठी कामाची), आणि पहिली भरणी ०.०५० वर करा. पुढे अचूकता शोधताना उडी ०.०२० च्या टप्प्याने वाढवत न्या: ०.०७०, ०.०९०, ०.११०. अनेक नळ्यांना तांब्याची मोठी उडीच मानवते. फक्त गोळी आणखी आत गेली की जागा आणखी कमी होते, म्हणून कमाल मापावर बसून उडीचा प्रयोग करू नका. मधल्या मापावर करा.

दारू चढवण्याची रीत जुनीच. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून निघा, ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायऱ्या ठेवा, काटा ०.१ ग्रेन दाखवणारा हवा आणि दर बैठकीला तपासणी वजनाने पडताळलेला. दर पायरीला तीन काडतुसं, आणि क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, हवंच. बोल्ट जड होणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा उमटणं, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) सपाट होणं ही चिन्हं उशिरा येतात, काही रायफलींत तर दाब मर्यादेच्या बराच वर गेल्यावर. वेग त्याआधी बोलतो. पुस्तकातल्या कमाल मापाला जो वेग छापला आहे तो तुम्हाला आधीच्या पायरीवर मिळाला, तर तुमची नळी किंवा पुंगळी घट्ट आहे आणि तुमची कमाल तिथेच संपली. पुस्तकाच्या नळीपेक्षा तुमची नळी दोन-तीन इंच आखूड असेल तर तेवढा वेग कमी येणारच, त्याची भरपाई दारूने करायला जाऊ नका.

तुमची आत्ताची काडतुसं कोलेट पुलरने (गोळी पकडून ओढून काढणाऱ्या हत्याराने) उघडा. हातोड्यासारखा आपटायचा पुलरही चालतो, पण तांब्याच्या गोळीचं टोक त्यात दुखावतं. काढलेली दारू कोणत्या डब्यातली हे खात्रीने माहीत असेल तरच त्याच डब्यात परत, नाहीतर फेकायची.

आता शिकारीतला वेग. तांब्याच्या गोळीच्या टोकाला पोकळी असते. जनावराच्या अंगातला द्रव त्या पोकळीत शिरून तिला आतून फाकवतो, चार पाकळ्या मागे वळतात आणि गोळीचा व्यास दुपटीच्या आसपास जातो. प्लास्टिकचं टोक पाचरीसारखं आत ढकललं जातं आणि सुरुवात करून देतं. शिसं मऊ असल्यामुळे कमी वेगातही पसरतं, तांबं तसं पसरत नाही. प्रत्येक गोळीला उत्पादकाने किमान आघातवेग सांगितलेला असतो, बहुतेक १,८०० ते २,००० फूट प्रति सेकंदांच्या पट्ट्यात, लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या मऊ गोळ्यांना त्याहून थोडा कमी. त्याखाली गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन तासन्‌तास चालतं. शिकाऱ्याच्या हातून याहून वाईट काही होऊ शकत नाही. म्हणून पल्ला यार्डांत न ठरवता वेगात ठरवा. १५० ग्रेनची गोळी २,८०० ने निघाली तर साधारण ४०० यार्डांवर ती २,००० च्या जवळ येते. माझं मत असं, की छापलेल्या किमान वेगावर २०० फूट राखीव ठेवावेत आणि तो वेग जिथे येतो तिथे आपला पल्ला संपवावा. .३०८ साठी तो ३०० यार्डांच्या आसपास येतो आणि रानडुकरासाठी त्याहून लांब जायची गरजही पडत नाही.

नेमही थोडा बदला. शिसं फुटून फुप्फुसांत तुकडे पसरवतं, त्यामुळे बरगड्यांमागे लागलं तरी जनावर लवकर पडतं. तांब्याचा मार्ग सरळ आणि अरुंद असतो. म्हणून पुढच्या पायाच्या रेषेत, खांद्याच्या हाडाला धरून नेम घ्या. हाडाचा अडथळा गोळीला नीट फुलवतो आणि जनावर जागीच कोसळतं. गोळी बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, तेव्हा मागे दुसरं जनावर, दगड किंवा रस्ता नाही हे शिशाच्या वेळेपेक्षा जास्त काळजीने पाहा. दगडावरून तांबं अखंडच उसळतं.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून बंदुकीने कोणतंही वन्यजीव मारायला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने प्रमाणित केलेल्या गोळ्यांची यादी आहे आणि त्यात वजनाच्या एक टक्क्याहून जास्त शिसं चालत नाही. घरी भरलेल्या काडतुसावर कंपनीचं नाव नसतं, म्हणून गोळीच्या खोक्यावरचं लेबल सोबत ठेवा. शिकारीला जाताना जुनी शिशाची काडतुसं पिशवीच्या तळाशीसुद्धा राहू देऊ नका. निशाणेबाजीच्या सरावाला हा कायदा लागू नाही, सराव मैदानाचे स्वतःचे नियम असू शकतात. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिकारी गोळीतलं शिसंही बंद केलं आहे.

कॅलिफोर्नियाच्या बंदीमागे कॉन्डोर हा गिधाडासारखा प्रचंड पक्षी आहे. १९८७ मध्ये रानातला शेवटचा कॅलिफोर्निया कॉन्डोर पकडून आणला तेव्हा जगात एकूण २७ पक्षी उरले होते. पुढे पिंजऱ्यात वाढवून सोडलेले पक्षी शिकाऱ्यांनी टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन मरू लागले. आपल्याकडची गिधाडं मात्र शिशाने गेली नाहीत. ती जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गेली आणि पशुवैद्यकीय वापरासाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं. दोन्हीकडे मेलेल्या जनावरात माणसाने ठेवलेलं विष होतं. शिशाचे बारीक कण मांसात जखमेपासून लांबवर जातात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर कायदा नसता तरी तांबंच वापरा. आणि गोळी शिसेमुक्त म्हणजे काम शिसेमुक्त, असं समजू नका. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं स्फोटक संयुग असतंच. वापरलेल्या पुंगळ्या कोरड्या घुसळल्या की ती धूळ खोलीभर उडते. पाण्यात घुसळा, हातमोजे घाला, काम झाल्यावर हात थंड पाण्याने साबण लावून धुवा, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका.

प्रश्नात शेवटी असंही विचारलं आहे, की विट्याकडचे आपले गलाई करणारे, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, लोक धातू ओतण्यात तरबेज आहेत, तर तांब्याच्या गोळ्या ओतून करता येणार नाहीत का? नाही. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. वितळलेलं तांबं हवेतला ऑक्सिजन शोषतं, गोठताना आत बुडबुडे आणि पोकळ्या राहतात, आणि आकुंचनामुळे व्यास हवा तसा येत नाही. पोकळी एका बाजूला असलेली गोळी मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरते तेव्हा ती सरळ जाणं शक्य नसतं. या गोळ्या ओढून काढलेल्या तारेपासून किंवा सळईपासून दाबून अथवा लेथवर कातून बनतात आणि त्यांचा मऊपणा भट्टीत ठरवलेला असतो.

आणि हे उत्तर सांगली-साताऱ्यात वाचणाऱ्यांसाठी: वर लिहिलेलं सगळं कॅलिफोर्नियातल्या परवान्याच्या रायफलीबद्दल आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. चांदोली-कोयनेकडून उसात उतरणारा गवा पहिल्या अनुसूचीत आहे, रानडुक्कर दुसऱ्या, आणि पिकाची नासाडी झाली तरी वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळ्या परवान्याचं काम आहे, पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. ती बंदूक बहुधा बारा बोअरची असते, तिच्या नळीत रायफलिंग नसतं, आणि या उत्तरातली एकही सूचना तिला लागू होत नाही. नासाडी झाली असेल तर आधी लगेच वन विभागाकडे भरपाईचा अर्ज द्या आणि पीक उभं असतानाच पंचनामा करून घ्या.